सर्व नागरिकांची चौथीची परीक्षा

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर सर शिडीवर चढले आणि त्यांची लेक शिडी धरून खाली उभी राहिली. शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर 'प्रवेश सुरू आहे' असं लिहायचं होतं. रंग होता, कुंचला होता, भिंत तर होतीच. फक्त सरांनी 'प्रवेश' हा शब्द बस थांब्यावरून दिसावा म्हणून एवढा मोठा काढला, की 'सुरू' कसाबसा मावला आणि 'आहे'ची पाळी आली तेव्हा भिंत संपली होती.

"आधी आखून घ्यायला हवं होतं," लेक म्हणाली. ती शहरात एका प्रकाशकाकडे दुसऱ्यांच्या पुस्तकांची मुद्रितं तपासायची. चूक होऊन गेल्यावर ती आपल्याला आधीच दिसत होती असं वाटणं, हा त्या धंद्यातला आजारच आहे.

"काही बिघडत नाही," असं म्हणून सर उतरले, शिडी कोपऱ्यापलीकडे गल्लीत नेली आणि तिकडच्या भिंतीवर 'आहे' लिहून मोकळे झाले. आता समोरून येणाऱ्याला 'प्रवेश सुरू' एवढंच दिसत होतं आणि गल्लीतून येणाऱ्याला नुसतंच 'आहे'.

"अहो, पण वाचणाऱ्याला कळणार कसं?"

"वळून बघेल की! शिक्षणासाठी माणसानं एवढं वळायला हरकत नाही."

समोरच्या घरातून पोस्टमास्तरकाका बाहेर आले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण पत्ता अपुरा असेल तर ते अजूनही माणसाला पुढे जाऊ देत नसत. त्यांनी आधी समोरून पाहिलं, मग गल्लीत जाऊन पाहिलं, पुन्हा समोर आले आणि निकाल दिला, "'आहे' जास्त चांगलं आलंय."

घरी गेल्यावर आईनं सरांच्या रंगानं माखलेल्या सदऱ्याकडे पाहिलं. "हा आता भिंतीलाच घालून या," ती म्हणाली. सर खो खो हसले. रात्री जेवताना त्यांचं एकच चाललं होतं. या खेपेला शिक्षण खात्यातले साहेब परीक्षेला येणार, मुलं त्यांना गार करणार, बघाच तुम्ही. भाताचा घास हातात धरून ते पाच मिनिटं बोलत राहिले आणि मग तोच घास पुन्हा ताटात ठेवून आणखी पाच मिनिटं बोलले.

रविवारी सकाळी चहा गाळून झाला तरी सर उठले नाहीत. झोपेतच गेले, असं डॉक्टर म्हणाले. त्याहून जास्त सांगण्यासारखं डॉक्टरांकडे काही नव्हतं. आपल्याकडेही नाही.

माणसं भेटायला येऊ लागली. जो येई तो खाली मान घालून बसे. पहिलं वाक्य, "फार वाईट झालं." दुसरं, "असा माणूस होणे नाही." मग जरा वेळ जाई, चहाचा कप खाली ठेवला जाई आणि तिसरं वाक्य हळूच बाहेर येई, "मग परीक्षेचं काय?"

इथं या परीक्षेबद्दल सांगायला हवं. सर दरवर्षी शाळेच्या पटांगणात उघडी परीक्षा घेत. शाळा चौथीपर्यंतची. उघडी परीक्षा म्हणजे गावातल्या कुणीही यावं आणि चौथीपर्यंतच्या अभ्यासातलं काहीही, कुठल्याही मुलाला विचारावं. नियम दोनच. उत्तर मागच्या रांगेला ऐकू जाईल असं मोठ्यानं द्यायचं, हा पहिला. दुसरा नियम एका वर्षी गिरणीवाल्यानं तिसरीतल्या पोराला "चंद्रावर पायलीभर दळण किती वेळात होईल?" असं विचारलं, तेव्हापासून आला. प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर यायला हवं. नाही आलं, तर त्यानं परीक्षा संपेपर्यंत मुलांबरोबर बाकावर बसायचं. त्या वर्षी गिरणीवाला बसला होता. बाक लहान, गिरणीवाला मोठा, उठताना बाकही त्याच्याबरोबर उठला होता.

आणि यंदा साहेब येणार होते ते कौतुकाला नव्हे. शाळेत मुलं उरली होती सतरा. बाकीची पिवळ्या व्हॅनमध्ये बसून लांबच्या इंग्रजी शाळेत जात. वीसच्या खाली पट गेला, तर शाळा बंद करून मुलं मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत घालायची, असा वरून हुकूम होता. त्या रस्त्यावर ट्रक कसे धावतात ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. पहिलीतलं पोर तो रस्ता ओलांडणार कसं, हे वर कुणाला ठाऊक नव्हतं. साहेब परीक्षा बघणार, पट मोजणार आणि त्याच दिवशी निकाल लावणार होते.

लेकीनं ठरवलं की परीक्षा रद्द करून तारीख पुढची मागून घ्यावी. आईला सावरायचं, घरातलं बघायचं, त्यात ही भानगड कशाला? एक अर्ज टाकला की झालं.

"टाकून बघ," आई म्हणाली. आईचा आयुष्यभर शिक्षण खात्याच्या माणसाशी संसार झालेला होता.

कचेरीतले कारकून सज्जन होते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि अर्ज वाचून मान हलवली.

"रद्द करायला मुख्याध्यापकांची सही लागेल."

"मुख्याध्यापक वारले. मी त्यांची मुलगी."

"अरेरे. मग नव्या मुख्याध्यापकांची आणा."

"नवे कुणी आलेले नाहीत. दुसऱ्या एक बाई आहेत."

"त्यांना पदभार दिल्याचा आदेश?"

"तो तुमच्याच कचेरीतून निघायचाय."

"निघेल की. निघणारच. त्याला फक्त आधीच्यांनी पदभार सोडल्याचं पत्र जोडावं लागतं."

 लेकीनं पुष्कळ वाचलं होतं. शोकाबद्दल तर कपाटभर वाचलं होतं. पण या प्रसंगाला पुरेल असं एकही पान तिला आठवेना.

"त्यांनी सोडलाय," ती म्हणाली.

"लेखी?"

मग कारकुनांनाच काय ते उमगलं. ते कानापर्यंत लाल झाले, टेबलावरचा पेपरवेट त्यांनी दोनदा फिरवला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, एक सांगू? रद्द कशाला करता? घेऊन टाका. मंजुरी आलेली आहे. घ्यायला काहीच कागद लागत नाही. सगळे कागद न घ्यायला लागतात."

अशा रीतीनं परीक्षा रद्द करायला गेलेली लेक परीक्षा गळ्यात घेऊन घरी आली.

पोस्टमास्तरकाका फाटकातच उभे होते. "मग पंच मी," ते म्हणाले. कुणी काही विचारलं नव्हतं. त्यांनी कोट झटकायला बाहेर काढला होता. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "मुलांना टाय घाल गं. लांबून इंग्रजी वाटतात." गिरणीवाला म्हणाला, यंदा बाक जरा मजबूत ठेवा. शाळेतल्या बाई डोळे पुसत आल्या आणि डोळे पुसतच म्हणाल्या, "सगळं होईल हो, पण तीन मुलं कुठून आणायची?" त्यावर सगळेच एकदम बोलू लागले. कुणाच्या बहिणीची मुलं होती, कुणाच्या भाडेकरूंची. एकानं तर अजून न जन्मलेला नातू कबूल केला. दारात शोकाला आलेल्या माणसांची अशी सभा भरली, की आईनं आत जाऊन पहिल्यांदा चहाचं मोठं पातेलं चढवलं.

आता दवंडी द्यायला हवी होती. गावात दवंडीचं काम पाणीपुरवठ्याचा माणूस करी. रिक्षाला कर्णा बांधायचा आणि बोलत हिंडायचं. लेकीनं त्याला मजकूर लिहून दिला. कोणत्या शनिवारी, किती वाजता, मुलांची उघडी परीक्षा आहे, सर्वांनी यावं, शाळा आपली आहे. साधी, स्वच्छ चार वाक्यं. तिनं ती तीनदा तपासली होती. एक स्वल्पविरामसुद्धा इकडचा तिकडे होण्याची सोय नव्हती.

पण हा गृहस्थ वर्षानुवर्षं एकाच तऱ्हेचं बोलत आलेला. नळ बंद राहतील, थकबाकी भरावी, अन्यथा जोडणी तोडण्यात येईल. कर्णा तोंडाशी आला की त्याची जीभ आपोआप त्या वळणावर जाई. संध्याकाळी साऱ्या गल्ल्यांतून आवाज फिरला तो असा:

"सर्व नागरिकांना कळवण्यात येतं, की येत्या शनिवारी शाळेच्या पटांगणात चौथीची परीक्षा घेण्यात येईल. ज्यांना उत्तर येणार नाही, त्यांना बाकावर बसवण्यात येईल. कोणतीही सबब ऐकून घेतली जाणार नाही. नागरिकांनी याची नोंद घ्यावी व सहकार्य करावं."

लेक चपला न घालताच रस्त्यावर धावली. "अहो, 'मुलांची' परीक्षा! मुलांची!"

"ताई, 'मुलांची' म्हटलं तर कोण ऐकतं? 'नागरिकांनी' म्हटलं की माणूस खिडकीत येतो."

माणसं खरोखरच खिडकीत आली होती. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव होता, आणि माणूस बत्तीस वर्षांचा असो की बाहत्तर, तो परीक्षेची तारीख कळल्यावरच येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्याला पुन्हा गाठलं आणि दुरुस्ती करायला लावली. त्यानं मान डोलावली आणि दुरुस्ती केली, "परीक्षा नागरिकांची नाही, अशा अफवांवर विश्वास ठेवू नये."

मग मात्र गाव अभ्यासाला लागलं.

गंमत अशी, की नागरिकांना परीक्षा द्यायची नाही, हे आठवड्याच्या मध्यापर्यंत बहुतेकांना समजलं होतं. पण तोवर उशीर झाला होता. ईर्ष्या एकदा चढली की उतरत नाही. औषधाच्या दुकानदाराला भागाकार येत नाही, ही बातमी न्हाव्याच्या दुकानात पोहोचली. न्हाव्याला नकाशात पूर्व कोणती ते कळत नाही, ही औषधाच्या दुकानात. दोघंही बोलेनासे झाले आणि पुस्तक शोधू लागले. चौथीची जुनी पुस्तकं रद्दीवाल्याकडून गायब झाली. काही नवरे संध्याकाळी लवकर घरी येऊ लागले आणि बायकांना शंका यायला लागली. न्हावी दाढी करता करता एकोणीसचा पाढा म्हणे, आणि एकोणीस नव्वे आला की वस्तरा हवेत थांबे. खुर्चीतलं गिऱ्हाईक जीव मुठीत धरून आपणच सांगे, "एकशे एक्काहत्तर, मालक, एकशे एक्काहत्तर!"

आणि अडलं की जायचं कुणाकडे? बाई एकट्या किती पुऱ्या पडणार? म्हणून माणसं मुलांना विचारू लागली. शाळेची ती सतरा मुलं, जी कालपर्यंत गल्लीत चेंडू मारून शिव्या खात होती, ती आता रस्त्यानं निघाली की दुकानातून हाका येत. "बाळा, जरा इकडे ये. हातचा घ्यायचा तो कुठे ठेवतात?" मधल्या सुट्टीत शाळेच्या ओट्यावर शिकवणी भरे. तिसरीतली एक काडीसारखी मुलगी तर भलतीच कडक निघाली. गिरणीवाल्यानं तिला लाडात येऊन "जाऊ दे गं, जवळपास आलंय ना" असं म्हटलं, तर तिनं पाटी पुसून पुन्हा त्याच्या हातात दिली.

लेक हे सगळं जरा कौतुकानं, जरा वरून बघत होती. एम.ए. झालेल्या माणसाचं चौथीशी भांडण नसतं. एका दुपारी ती ओट्यावर सहज टेकली, तेव्हा त्या काडीसारख्या मुलीनं विचारलं, "ताई, तीन चतुर्थांश मोठं, की पाच अष्टमांश?"

"पाच अष्टमांश," लेक म्हणाली. प्रश्न इतका सोपा असावा, याचं तिला थोडं वाईटही वाटलं.

 न्हाव्यानं तोंडावर हात ठेवला.

"तीन चतुर्थांश म्हणजे सहा अष्टमांश," मुलगी म्हणाली. मग बोट वर करून, मान थोडी तिरकी करून, अगदी सरांच्या चालीवर तिनं सांगितलं, "मोठं दिसतं म्हणून मोठं नसतं. नीट बघावं."

सगळे हसले. लेकही हसली, बाकावर जाऊन बसली आणि तिला उठायला जरा वेळ लागला. लोकांना वाटलं, बाक अडकला.

त्या आठवड्यात शिंपीदादांनी आपली जुळी पोरं शाळेत आणून घातली. त्यांचं म्हणणं असं, की ती पोरं व्हॅनमधून जाऊन दोन वर्षांत जे शिकली नाहीत, ते त्या काडीनं त्यांना, म्हणजे शिंपीदादांना, दोन दिवसांत शिकवलं. मग पैसे कशाला घालवायचे? झाले एकोणीस. बाईंनी आनंदानं घंटा वाजवली आणि वेळ नसताना वाजली म्हणून मुलं घरी पळून गेली.

विसावं काही मिळेना. ज्यांनी कबूल केलं होतं त्यांच्या बहिणी फोन उचलेनात. पोस्टमास्तरकाका गल्लोगल्ली दार वाजवून आले. "एका मुलासाठी अख्खं टपाल वाटून आलो, पण घेणारा नाही," म्हणत ओट्यावर बसले. लेक बाईंना धीर देत होती, बाई लेकीला, आणि दोघींचाही धीर उसना होता. एका मुलावरून ही सगळी कडक, हुशार, नाक वर करून चालणारी चिल्लीपिल्ली ट्रकांच्या रस्त्यावर उभी राहणार होती.

शुक्रवारी दुपारी पिवळी व्हॅन गल्लीत, बरोबर 'आहे'च्या खाली येऊन थांबली. व्हॅनवाला उतरला. दुश्मनाच्या गोटातला माणूस म्हणून ओट्यावर सगळे ताठ झाले. तो चपला काढून आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मला पण भागाकार शिकवा. उद्या कुणी विचारलं तर पोरीसमोर शोभा नको."

काडीनं त्याला पाटी दिली. भागाकार जमला तेव्हा त्यानं तिच्याकडे बघतच लेकीला विचारलं, "ताई, ही घरून किती वाजता निघते हो?"

"घंटा झाली की. समोरच तर राहते."

"माझी पोरगी सगळ्यांच्या आधी व्हॅनमध्ये बसते आणि सगळ्यांना सोडून झाल्यावर उतरते. व्हॅन माझीच, मग ती पहिली चढणार आणि शेवटची उतरणार. शाळेत असते त्याहून जास्त माझ्या मागच्या सीटवर असते. झोपलेली." तो चपला घालून उभा राहिला. "बघतो," म्हणाला आणि गेला. 'बघतो' या शब्दावर आपल्याकडे कित्येक कामं जन्मभर बसून राहतात, त्यामुळे कुणी फारशी आशा धरली नाही.

शनिवारी पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं भांग पाडून, खिशाला पेन लावून आली होती. न्हाव्यानं तळहातावर काहीतरी लिहून आणलं होतं आणि तो कुणाशीही हात मिळवत नव्हता. पोस्टमास्तरकाका कोट घालून खुर्चीवर बसले होते. आईसुद्धा आली. पहिल्या रांगेत न बसता मुद्दाम मागे बसली, दरवर्षी बसायची तिथेच.

साहेबांची जीप आली. साहेब उतरले, घाम पुसला, हार नको म्हणाले. जीपच्या ड्रायव्हरनं पोस्टमास्तरकाकांच्या कानात सांगितलं, "काका, तुमची दवंडी कचेरीपर्यंत पोहोचली. साहेब सकाळपासून चौथीचं गणित वाचतायत."

परीक्षा सुरू झाली आणि पाचव्या मिनिटाला हाताबाहेर गेली. पहिले काही प्रश्न रीतसर झाले. मुलं उभी राहून अशी खणखणीत उत्तरं देत होती, की मागच्या रांगेतून टाळ्या येत. पण आठवडाभर घोकलेल्या माणसांना ते बघवेना. "हे मला येतं!" असं म्हणत औषधवाला उभा राहिला. "मला विचारा! पूर्व मला विचारा!" न्हावी ओरडला. काडीनं विचारलं. न्हाव्यानं हात पसरून पूर्व दाखवली, तळहात लोकांना दिसला आणि त्यावर बाण काढलेला होता. पोस्टमास्तरकाकांनी त्याला कॉपी केल्याबद्दल बाकावर बसवलं. गिरणीवाला यंदा जय्यत तयारीनं आला होता. त्यानं दुसरीतल्या मुलाला विचारलं, "आठवडे बारा, तर दिवस किती?" मुलगा म्हणाला चौऱ्याऐंशी. गिरणीवाला विजयानं म्हणाला, "चूक! रविवार सुट्टी!" तोही बाकावर गेला. पटांगण हसून हसून लोळत होतं. लेकीनं कित्येक दिवसांत पहिल्यांदा आपलाच हसण्याचा आवाज ऐकला आणि ती दचकली.

मग पोस्टमास्तरकाका उभे राहिले. "आता पाहुण्यांनी एक प्रश्न विचारावा."

"नको नको, छान चाललंय," साहेब म्हणाले.

"प्रथा आहे, साहेब."

साहेबांनी बाकांकडे पाहिलं. गिरणीवाला आणि न्हावी त्यांच्याकडे मोठ्या आशेनं बघत होते. गणित नको, भूगोल नको, सगळ्यात निर्धोक असा एक प्रश्न साहेबांना सुचला. कडेला एक लहान मुलगी एकटीच उभी होती. साहेब तिच्याकडे वळून गोड हसले.

"बाळ, तुझं नाव काय?"

मुलीनं नाव सांगितलं. मागच्या रांगेला ऐकू जाईल असं, मोठ्यानं.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि ते बसणार, एवढ्यात पंचांचा हात वर गेला. "थांबा. उत्तर बरोबर की चूक?"

"म्हणजे? तिचं नाव आहे ते!"

"पण तुम्हाला आधी ठाऊक होतं का?"

"मला कसं ठाऊक असणार? मी आजच आलोय!"

"म्हणजे विचारणाऱ्याला उत्तर येत नव्हतं," पोस्टमास्तरकाका म्हणाले. त्यांचा आवाज दुःखी होता, पण डोळे चमकत होते. "साहेब, बाकावर."

 बाईंनी डोळे मिटले. लेकीला वाटलं, झालं, शाळा बंद. साहेबांनी पंचांकडे पाहिलं, बाकाकडे पाहिलं आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. ते गेले आणि न्हाव्याशेजारी गुडघे छातीशी घेऊन बसले. पटांगणात जो गलका उठला, तो म्हणे बस थांब्यावर ऐकू गेला. ज्या मुलीनं नाव सांगितलं होतं, तीही आपल्यामुळे हे बसले म्हणून त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"ही कुठल्या वर्गातली?" साहेबांनी बाईंना विचारलं.

"आपली नाही ती, साहेब," बाई म्हणाल्या. "व्हॅनवाल्यांची आहे."

गर्दीतून व्हॅनवाला पुढे आला. सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. तो म्हणाला, "आजपासून इथली करायचीय. पण त्या शाळेचा दाखला मिळाला नाही अजून. महिना लागेल म्हणतात."

महिना! बाईंचा चेहरा पडला. एकोणीस आणि एक, पण ते एक महिनाभर लांब. सगळे एकदम बोलू लागले, दाखला, नियम, अर्ज, महिना. त्या गोंधळात साहेब काहीतरी सांगायला लागले.

"बाकावरच्यांनी हात वर करून बोलायचं," पंच म्हणाले.

साहेबांनी हात वर केला.

"बोला."

"दाखला मागाहून आणला तरी चालतो," साहेब म्हणाले. "वयाप्रमाणे वर्गात बसवायचं, असा नियमच आहे. मूल बसलंय की बाकावर. माझ्याच शेजारी बसलंय." मग हळूच पुढे म्हणाले, "एवढी वर्षं नोकरी करतोय, पण हा नियम कुणी विचारतच नाही. सगळे दुसरेच नियम विचारतात. घ्या, वीस लिहा. शाळा राहील."

पुढचं काही वेळ कुणालाच नीट आठवत नाही. बाई रडत होत्या, शिंपीदादांनी दोन्ही जुळी खांद्यावर घेतली होती आणि त्यातलं एक बहुधा दुसऱ्याच कुणाचं होतं. न्हावी आणि औषधवाला एकमेकांच्या गळ्यात पडले. शेजारच्या काकू विचारत होत्या, आता तरी टाय घालणार का. लेक या सगळ्याच्या मधोमध उभी होती. जो येई तो तिला म्हणे, "सर असायला हवे होते," आणि ती म्हणे, "हो ना, सर असायला हवे होते." अगदी शांतपणे, सगळ्यांना हेच एक वाक्य.

व्हॅनवाल्याच्या मुलीनं बाकावरून हात वर केला. नियम ती पटकन शिकली होती.

"मला पण एक विचारायचंय. त्या ताईंना."

पोस्टमास्तरकाकांनी तिला बोलायची खूण केली.

"सगळे सर, सर म्हणतात. ते तुमचे कोण?"

"उत्तर ठाऊक नसताना विचारलं तर बाकावर बसावं लागतं, बाळ," पोस्टमास्तरकाका म्हणाले.

"मी बाकावरच आहे," मुलगी म्हणाली. पंचांनी प्रश्न मान्य केला.

लेक लहानपणी चार वर्षं याच शाळेत शिकली होती. फाटकाच्या आत आलं की सर म्हणायचं, असं पहिल्या दिवशी तिला बजावलं होतं. मास्तरांची मुलगी म्हणून कुणी बोट दाखवायला नको. तिनंही ते असं पाळलं, की पुढे मोठी झाल्यावरसुद्धा या भिंतींच्या आत तिच्या तोंडून दुसरा शब्द कधी निघाला नाही. गेले सगळे दिवस कचेरीत, दारात, रस्त्यावर ती 'सर' म्हणत होती, 'मुख्याध्यापक' म्हणत होती. ते सोपं जात होतं.

मागे आई बसली होती. तिनं मान वर केली.

"बाबा," लेक म्हणाली.

"मोठ्यानं!" पोस्टमास्तरकाका ओरडले, आणि त्यांचाच आवाज फाटला. "मागच्या रांगेला ऐकू येत नाही!"

लेकीनं श्वास घेतला.

"ते माझे बाबा होते," ती म्हणाली, पटांगणाच्या शेवटच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात. "आणि मला ते फार आवडायचे. घरी आवडायचेच. पण इथे, शिकवताना, त्याहून आवडायचे."